बोकड सोलायला शिकारीची सुरी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहता, गाव जुन्नर तालुक्यात. चैत्रातल्या यात्रेला घरचा बोकड असतो. आजवर तो सोलायचं आणि साफ करायचं काम काका करायचे, आता त्यांना होत नाही, म्हणून यंदा तुम्ही हात घालणार आहात. तुमचे मेहुणे मिशिगनला असतात आणि तिकडे हरणाच्या शिकारीला जातात. त्यांनी सांगितलं की चार इंची पात्याची, ड्रॉप पॉइंट (टोकाकडे पाठ उतरत आलेली), गट हुक (पात्याच्या पाठीवरचा धारदार आकडा) असलेली हंटिंग नाइफ घे, एका सुरीत सगळं उरकतं. तुम्ही ऑनलाइन शोधलंत तर शेकड्याने सुऱ्या निघाल्या. एकीच्या पाठीला करवत, दुसरीच्या मुठीत होकायंत्र. बजेट तीन हजार. यातली कुठली घेऊ?

माझं कोपरीत मटणाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. यात्रांच्या दिवसांत गावाकडच्या ओळखीच्या घरी बोकड करायलाही जातो. त्यामुळे दुकानातलं काम आणि आंब्याच्या झाडाखालचं काम दोन्ही हाताखालून गेलंय. त्या अनुभवावरून सांगतो: यातली एकही घेऊ नका. मेहुणे चुकीचं सांगत नाहीयेत, त्यांच्या कामाला तीच सुरी बरोबर आहे. फक्त ते काम तुमचं नाही.

त्यांचं काम काय असतं ते आधी बघू, म्हणजे सुरी तशी का घडवलेली असते ते कळेल. मिशिगनमध्ये बंदुकीच्या शिकारीचा हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो. म्हणजे कडाक्याची थंडी, लवकर पडणारा अंधार आणि माणूस बहुतेक वेळा एकटा. हरीण पडलेलं असतं रानात, पालापाचोळ्यावर. मोठा नर सत्तर-ऐंशी किलोंच्या पुढेही जातो. तो उचलून टांगणं एकट्याच्या आवाक्यातलं नसतं. मग जागेवरच पोट उघडून आतडी, वजडी, फुप्फुस सगळं बाहेर काढायचं, म्हणजे अंगातली ऊब निघून जाते, मटण खराब होत नाही आणि ओढायचं वजनही कमी होतं. कातडं तिथे काढतच नाहीत. ते नंतर घरी किंवा तिकडच्या खाटकाकडे. या एवढ्या कामासाठी दिवसभर कमरेला लटकवलेली एकच सुरी त्यांच्याजवळ असते. म्हणून पातं आखूड, कारण हात बरगड्यांच्या आत कोपरापर्यंत जातो, आतलं दिसत नाही, आणि लांब पातं असलं तर आपल्याच दुसऱ्या हाताची बोटं जायची. पातं जाड, कारण कधी लाकूडही तासावं लागतं. गट हुक एवढ्यासाठी की एका हाताने केसाळ पोट उसवत नेता यावं.

थोडक्यात, शिकारीची सुरी ही एकट्या माणसाने केलेली तडजोड आहे. सगळं थोडं थोडं जमतं, एकही काम मनासारखं होत नाही.

तुमच्याकडे काय आहे? पंचवीस-तीस किलोंचा बोकड, टांगायला फांदी, धरायला चार माणसं, पाण्याचा पिंप, आणि सगळं सामान गाडीच्या डिकीत. मान कापायचं काम गावचा मुलाणी करतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो भाग तुमच्याकडे नाही. पण कातडं काढायचं आहे, पोट साफ करायचं आहे, आणि नंतर दोनशे माणसांच्या रश्श्यासाठी तुकडेही करायचे आहेत. ही तीन वेगळी कामं आहेत. तुम्हाला एका सुरीत भागवायची सक्ती कुणी केलेली नाही, मग तडजोड कशाला?

मी तुम्हाला दोन सुऱ्या आणि एक सत्तूर घ्यायला सांगेन. पहिली सोलायची आणि पोटाची, पातं चार-साडेचार इंच, टोकाकडे थोडं वर वळत गेलेलं. दुसरी सहा इंची, अरुंद आणि ताठ पात्याची, जिला दुकानदार बोनिंग नाइफ म्हणतात. लवचीक बोनिंग नाइफही मिळते, पण ती माशाच्या कामाची, बोकडाला ताठच हवी. सत्तूर हाडांसाठी.

आता सोलायच्या सुरीबद्दल जरा सविस्तर, कारण नवा माणूस इथेच फसतो. बोकड सोलताना सुरीचं काम फार थोडं असतं. मागच्या पायांच्या आतून एक रेघ, छातीपर्यंत एक रेघ, नडग्यांभोवती गोल काप, बस. पुढे कातडं मुठीने सुटतं. एका हाताने कातडं ताणायचं, दुसऱ्या हाताची मूठ कातडं आणि मांस यांच्यामध्ये दाबत न्यायची. बोकड गरम आहे तोवर पांढरा पडदा आपोआप फाटत जातो. सुरी लागते ती फक्त जिथे कातडं चिकटून बसलंय तिथे: बरगड्यांच्या कडेला, मानेला, शेपटीच्या बुडाशी. अशा ठिकाणी पात्याचा वळलेला पोटाकडचा भाग वापरायचा आणि धार कातड्याच्या बाजूला कलती ठेवायची. टोक खुपसत गेलात तर कातड्याला भोकं पडतात आणि मांसावर खाचा.

धार कशाने जाते हे विचाराल तर हाडाच्या आधी केसांनी जाते. केसांत माती, वाळू असते. वरून कातड्यावर सुरी ओढली की दोन-चार कापांतच ती बोथट होते, शिवाय कापलेले केस मांसावर पडतात आणि धुऊनही निघत नाहीत. म्हणून पहिला छेद देऊन झाला की पातं उलटं करायचं, धार आभाळाकडे, आणि आतून बाहेर कापत जायचं. केस कापले न जाता बाजूला होतात. हे एवढं जमलं तर साध्या सुरीने अख्खा बोकड होतो. हरणालाही हेच लागू आहे, मेहुण्यांना विचारून बघा.

पोट उघडताना टोकाचा प्रश्न येतो. सुईसारखं वर उचललेलं टोक वजडीच्या पिशवीला सहज भोक पाडतं, आणि आतला हिरवा चोथा मांसावर सांडला की पुढचा अर्धा तास धुण्यात जातो, वास राहतो तो वेगळाच. ड्रॉप पॉइंट म्हणजे पात्याच्या पाठीची रेघ टोकाकडे उतरत आलेली असते, त्यामुळे टोक खाली राहतं. मेहुण्यांचा हा सल्ला घेण्यासारखा आहे. पण यापेक्षाही खात्रीची गोष्ट तुमच्या हातालाच आहे. छोटा छेद द्या, डाव्या हाताची दोन बोटं आत घालून पोटाची भिंत बाहेर उचलून धरा, बोटांच्या मधोमध पातं, धार बाहेरच्या बाजूला, आणि हात व सुरी एकत्र खाली सरकवत न्या. गट हुक हेच काम करतं, पण त्याला धार लावायला गोल कानस लागते आणि त्या आकड्यात केस आणि चरबी अडकून बसते. टांगलेल्या बोकडाच्या पातळ पोटाला त्याची गरज नाही.

त्याआधी दोन गाठी विसरू नका. गुदद्वाराभोवती गोल कापून आतडं मोकळं करा आणि सुतळीने बांधा. मानेजवळ अन्ननळी शोधून तिलाही गाठ मारा. काकांना हे माहीत असणारच, त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसवा. आदल्या रात्रीपासून बोकडाला चारा न देता फक्त पाणी दिलं तर पोट हलकं राहतं आणि हे सगळं सोपं जातं. काळीज काढताना त्याला चिकटलेली पित्ताची पिशवी थोड्या काळजासकट कापून टाका; पिशवी सोडवायच्या नादात फुटली तर काळीज कडू होतं.

पात्याची जाडी हा मुद्दा ऑनलाइन कुणी बघत नाही. हंटिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त सुऱ्या चार-पाच मिलिमीटर जाड असतात. हातात वजनदार लागतात, म्हणून भारी वाटतात. पण जाड पातं मांसात शिरत नाही, पाचर मारल्यासारखं अडतं. मग तुम्ही जोर लावता, आणि रक्ता-चरबीने निसरड्या हाताने जोर लावला की अपघात ठरलेला. दोन-अडीच मिलिमीटर पुरे. आमच्या गल्ल्यावरच्या सुऱ्या बघा, वर्षानुवर्षं घासून निम्म्या झालेल्या असतात आणि तरी त्याच हाताला आवडतात.

पोलादाबद्दल ऑनलाइन फार चर्चा चालते. तुमच्यापुरतं सांगतो. कार्बन पोलाद, म्हणजे लोहार ट्रकच्या कमानपट्ट्यापासून बनवतो ते, पटकन धार घेतं, छान कापतं, पण गंजतं. ठाण्याच्या दमट हवेत, आणि तेही वर्षातून दोनदाच बाहेर निघणारी सुरी असेल, तर पावसाळा संपेपर्यंत तिच्यावर तांबूस डाग आलेले असतील. आम्ही रोज वापरतो, रोज पुसतो, आम्हाला चालतं. तुम्ही स्टेनलेस घ्या. त्यातही फार कडक नको. कडकपणा रॉकवेल मापात, म्हणजे एचआरसीमध्ये सांगतात. ५५ ते ५७ एचआरसी असलेली सुरी बोकडाच्या कामाला उत्तम. युरोपातल्या खाटकांच्या बऱ्याच सुऱ्या याच पट्ट्यातल्या असतात, त्यांच्या पोलादात साधारण अर्धा टक्का कार्बन आणि पंधरा टक्के क्रोमियम असतं. ६० च्या पुढची सुरी धार जास्त टिकवते हे खरं, पण हाडावर आदळली की बारीक कपचा उडतो आणि तो काढायला घरचा दगड पुरत नाही. मऊ सुरीची धार नुसती वाकते. ती धार सरळ करायच्या पोलादी सळईवर दोन-चारदा ओढली की परत सरळ.

डमास्कस म्हणून लाटांची नक्षी दाखवतात, त्यात स्वस्त मालावर ती नक्षी वरून कोरलेली असते. पाठीवरची करवत निरुपयोगी, तिच्यात चरबी भरते. दातेरी धार मांस फाडते आणि तिला घरी धार लावता येत नाही. घडीची सुरी नकोच, सांध्यात रक्त जाऊन बसतं.

मुठीकडे मात्र नीट बघा. लाकूड आणि शिंगाची मूठ दिसायला सुंदर, पण रक्त शोषते, पुढे चिरते. प्लास्टिक किंवा रबराची, खडबडीत पोताची, पात्याला सांध न ठेवता बसवलेली हवी. पात्याच्या बाजूला मुठीला ठळक उंचवटा असावा, म्हणजे हात पुढे धारेवर घसरत नाही. दुकानात घेत असाल तर हाताला थोडं तेल लावून मूठ धरून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या. दोन सुऱ्यांच्या मुठी वेगळ्या रंगांच्या घ्या. कातड्याला लागलेली सुरी मांसाला लावायची नाही हा नियम रंगामुळे घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहतो. मोठ्या कत्तलखान्यांत ८२ अंशांच्या गरम पाण्यात सुऱ्या बुडवत राहतात. गावी चुलीवर एक पातेलं उकळतं ठेवलं तरी काम भागतं.

चामड्याची म्यान नको. ओली राहते, आतून कुजते आणि सुरीला गंज चढवते. प्लास्टिकची धुता येणारी म्यान, नाहीतर जाड पुठ्ठ्यात गुंडाळून दोरी.

आता धार. सुरीवर दोन हजार घालून धारेवर शून्य खर्च करणारे गिऱ्हाईक मला नेहमी भेटतात. नवी सुरी कारखान्यातून बऱ्यापैकी धारदार येते, पण पहिला बोकड संपायच्या आधीच ती उतरते. दोन बाजूंचा दगड घ्या, एक खरबरीत, एक बारीक. पाणी शिंपडा, पात्याची पाठ दगडापासून साधारण वीस अंश उचला, आणि टाचेपासून टोकापर्यंत एकाच कोनात ओढत न्या. खरबरीत बाजूवर घासत राहा, तोवर जोवर पात्याच्या दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर जाणवत नाही. मग बाजू बदला. शेवटी बारीक बाजूवर हलक्या हाताने. जमलं की नाही हे कागद कापून बघतात, मी पिकलेला टोमॅटो वापरतो. साल न दाबता कापली गेली तर सुरी तयार आहे.

कोन डगमगला की सगळं फुकट, आणि सुरुवातीला तो डगमगतोच. म्हणून आधी घरातल्या जुन्या भाजीच्या सुरीवर शिका. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे चांगली सुरी देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या आणि कडेला निळसर झाक आली म्हणजे पोलाद तापून मऊ पडलं. त्या जागी धार कधी टिकत नाही. सत्तूर त्याच्याकडे दिला तर चालतो, सत्तुराला वस्तऱ्याची धार नकोच असते.

काम चालू असताना दगड काढायची वेळ येऊ नये. सळई जवळ ठेवा आणि सुरी अडायला लागायच्या आधीच दोन्ही बाजूंनी तीन-चारदा हलकेच ओढा. आमच्याकडे पोरगा शिकायला आला की त्याला महिनाभर हेच करायला लावतो.

सत्तूर मध्यम वजनाचा, मनगट न दुखता उचलता येईल असा. खाली चिंचेचा ओंडका असेल तर उत्तम. चिंचेचं लाकूड चिवट, त्याचे ढलपे मटणात येत नाहीत. पण जिथे सांधा आहे तिथे सत्तूर मारायचाच नाही. खुराच्या वरचा सांधा, गुडघा, खांदा सगळं बोनिंगच्या सुरीने सुटतं; टोकाने चाचपून फट शोधायची आणि कापत जायचं. कोवळ्या बोकडाच्या छातीचं हाडही मधोमध सुरीने उघडतं. घाव हवा तो चॉपला, नळीला, मानेला. सांध्यावर घाव घातलात तर हाडाचे बारीक तुकडे रश्श्यात उतरतात आणि पाहुणे नावं ठेवतात.

डाव्या हातात कापणीरोधक हातमोजा घाला. महाग नसतो, आणि नव्या माणसाला सुरीपेक्षा याची जास्त गरज आहे. सुरी उजव्या हातात असते, कापला जातो तो डावा.

चैत्रातल्या उन्हाचं एक वेगळं लक्षात ठेवा. मेहुण्यांच्या इथे नोव्हेंबरची हवाच फ्रिजचं काम करते. जुन्नरला एप्रिलमध्ये दुपारी सावलीतही मटण तासन् तास ठेवण्यासारखं नसतं. पहाटे सुरुवात करा, सोलून झालं की बारीक कापडाने झाका आणि ऊन चढायच्या आत पातेलं चुलीवर जाऊ द्या. फुप्फुसावर किंवा काळजावर पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसले तर तो भाग बाजूला काढा आणि कुत्र्यांना अजिबात टाकू नका, खोल पुरा. त्या फोडांतले जंत कुत्र्याच्या पोटात वाढतात आणि त्याच्या विष्ठेतून माणसापर्यंत येतात. गावात हे सर्रास टाकलं जातं.

सामान नेण्याबद्दल. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी हत्यारात मोडते. घरगुती, शेती किंवा उद्योगासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे मी सांगितलेल्या सुऱ्या आणि सत्तूर घरात ठेवायला अडचण नाही. पण ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यार बाळगायला मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघतात आणि नाकाबंदीत गाडी तपासली जाते. सुऱ्या गुंडाळून, ओंडका, पातेली, दगड यांच्यासोबत डिकीत ठेवा. मुठीवर होकायंत्र असलेला काळा सुरा सीटखाली सापडला तर हवालदाराला यात्रेची गोष्ट सांगत बसावं लागेल.

आणि एकाने तुमच्या प्रश्नाखाली ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाचा उल्लेख गमतीने केलाय म्हणून सांगतो. तिथे चितळ, सांबर, भेकर आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिकारीची सुरी इथे शिकारीसाठी कुणी घेऊ नये. सोसायटीच्या आवारात सराव म्हणून बोकड कापायचा विचार असेल तर तोही सोडा. २००१ च्या नियमांप्रमाणे महापालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही.

यात काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. यात्रेला एकच बोकड असेल आणि तुकडे करायला गावातला माणूस येणार असेल तर सत्तूर आणि मोठी सुरी घेऊ नका, चार इंची सुरी आणि दगड एवढंच पुरे. तीन-चार बोकड असतील तर सोलायच्या सुऱ्या दोन लागतील, एक चालू आणि एक धारेला. धार लावायचा कंटाळा आहे हे आत्ताच माहीत असेल तर महागडी सुरी घेण्यात अर्थ नाही. भारतीय बनावटीच्या साध्या सुऱ्या घेतल्या तर सत्तूर, दगड, सळई, हातमोजा धरून तुमच्या तीन हजारांत बसतं. दुकानात जाऊन घ्या, हातात धरून.

मेहुण्यांना काही आणायचंच असेल तर त्यांना स्वीडनच्या मोरा गावातल्या कारखान्याची साधी प्लास्टिक मुठीची सुरी आणायला सांगा. पातं चार इंचांच्या आसपास, पातळ, धुता येणारी म्यान सोबत मिळते, आणि तिकडे ती फार महाग नसते. बोनिंगची सुरी मग इथे घ्या. विमानात ती चेक-इनच्या बॅगेतच ठेवायला सांगा.

सगळं यात्रेच्या महिनाभर आधी घ्या. मग एखाद्या रविवारी कुठल्याही दुकानातून अख्खी मांडी हाडासकट, न तोडता आणा. घरी ओट्यावर तिचं हाड सोडवून बघा. सांधा कुठे उघडतो, पातं हाडाला घासत कसं न्यायचं, किती मांस हाडाला चिकटून राहतं ते हाताला कळेल, आणि त्याच दिवशी जेवणही होईल. दुसऱ्या रविवारी फरा आणा. खांद्याचं पातळ चपटं हाड मांडीपेक्षा त्रास देतं. ते जर स्वच्छ निघालं तर चैत्रात काकांना फक्त बघत बसायचं काम उरेल.